पान कोणी उलटायचं

बेळगावात कुणाला भेटायला जायचं तर हातात कुंद्याचा डबा लागतो. समोरच्याची नजर मधुमेहानंच अधू झालेली असली तरी डबा येतो, आणि घरातली पोरं तो दोन दिवसांत संपवतात. जरा विचार करणारा कुणी असला तर भिंग आणतो. खडेबाजारातून घेतलेलं किंवा मोबाईलवरून मागवलेलं, खोक्यावर '३० पट' असं ठळक छापलेलं. ते आठवडाभर टेबलावर राहतं, मग खणात जातं. देणाऱ्याचा हेतू निर्मळ, घेणाऱ्याचे आभारही मनापासूनचे. वाचन मात्र जिथं थांबलं होतं तिथंच.

आणि एखादा मित्र असा निघतो की तो येऊन गेल्यावर त्या घरात पुन्हा वर्तमानपत्राची घडी मोडू लागते. त्यानं दिलेलं पुष्कळदा कुंद्याच्या डब्यापेक्षा स्वस्त असतं: काळ्या कार्डाचा तुकडा, टेबलदिव्याची बदललेली जागा, फोनमधली तीन-चार सेटिंगं. अशा माणसाला 'लई उपकार झाले बघ' एवढंच म्हटलं तर तो ओशाळतो आणि आपल्यालाही काही सांगितल्यासारखं वाटत नाही. त्यानं काय केलं हे नेमकं कळलं तर आभारही नेमके मानता येतात. हा लेख म्हणजे त्या कामाचा हिशेब.

त्या सगळ्या कामामागं एक जाण असते. वाचणारा माणूस मनात आलं की थांबतो, मागचं पान काढतो, कंटाळवाणा परिच्छेद गाळतो, शेवट आधीच बघून घेतो, एखादी ओळ चारदा वाचतो. नजर अधू झाली की अक्षरं जातात हे सगळ्यांना दिसतं. त्यांच्याबरोबर हा ताबा जातो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. "सूनबाई वाचून दाखवते की!" असं घरचे म्हणतात, आणि ते खरंही असतं. पण तिचा एक कान कुकरच्या शिट्टीकडं. ती मथळे वाचते, निधनवार्ता वाचते, अग्रलेख राहतो. 'तेवढं परत वाच' म्हणायला सासऱ्याला संकोच. ऐकायला मिळतं, वाचायला मिळत नाही. पान कधी उलटायचं हे पुन्हा त्याचं त्याला ठरवता येतं, तीच भेट खणात जात नाही.

असा मित्र काही आणण्याआधी विचारतो: डॉक्टरांनी दुखण्याचं नाव काय सांगितलंय? मोतीबिंदू असेल तर भिंगावर पैसे घालण्यात अर्थ नाही; शस्त्रक्रियेची तारीख घ्यायची. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी-वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं की लोक 'मोतीबिंदू परत आला' म्हणतात. तो परत येत नसतो. बसवलेल्या भिंगामागचं पातळ आवरण गढूळ होतं आणि लेझरनं ते काही मिनिटांत मोकळं करता येतं. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा, आणि साखर वर-खाली होत असताना नवा चष्मा करायचा नाही, कारण साखरेबरोबर नंबरही हलतो. दाराची सरळ चौकट अचानक वाकडी दिसू लागली, तर ते 'वयोमानानं' म्हणून सोडायचं नाही; त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा.

दुखण्याचं नाव कळलं की उपायाची दिशाच बदलते. काचबिंदूत कडेची नजर जाते, मधली उरते. अशा माणसाला अक्षर फार मोठं करून दिलं तर उरलेल्या झरोक्यात दोनच अक्षरं मावतात आणि वाचन आणखी अडतं. त्याला उजेड जास्त आणि अक्षर बेताचं मोठं हवं. मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग झिजला तर उलटं: कडेचं दिसतं, पण ज्या शब्दाकडं बघावं तोच नाहीसा होतो. इथं मोठं अक्षर उपयोगी पडतं, आणि तिरकं बघण्याचा सरावही. सराव असा करून घ्यायचा: मित्र समोर बसतो आणि आपला चेहरा घड्याळाची तबकडी आहे असं मानायला सांगतो. रुग्णानं बाराच्या आकड्याकडं बघायचं, मग एक, दोन, तीन असं फिरत जायचं, आणि कुठं बघताना नाक-डोळे सगळ्यांत स्पष्ट दिसतात ते सांगायचं. ती जागा सापडली की मोठ्या अक्षरांवर रोज थोडा थोडा वेळ तसंच बघायची सवय करायची. डोळा त्या तिरक्या जागी स्थिर ठेवायचा आणि कागद सरकवायचा. डोळा सरकवला की पहिले काही दिवस ओळ सुटतेच. तपासायला आलेल्या मित्राला इथं धीर लागतो, कारण हे एका बैठकीत जमत नाही.

आता भिंग. त्याचं गणित सोपं आहे. डायोप्टर म्हणजे भिंगाची ताकद मोजायचं माप; त्या आकड्याला चारानं भागलं की साधारण किती पट ते कळतं, आणि शंभराला डायोप्टरनं भागलं की भिंग कागदापासून किती सेंटीमीटरवर धरायचं ते. ८ डायोप्टरचं भिंग दोन पट, साडेबारा सेंटीमीटरवर. २० डायोप्टरचं पाच पट, पाच सेंटीमीटरवर. पट वाढली की भिंगाचा व्यास लहान होणारच. काचेच्या वक्रतेला दुसरा इलाज नाही. म्हणून पंजाएवढ्या भिंगावर '३० पट' लिहिलेलं असेल तर ते खोक्यावरच राहू द्यावं. घ्यायचं कोणतं, याची परीक्षा घरीच होते. माणसाला कसंबसं ओळखू येतं त्या अक्षराच्या निदान दुप्पट मोठं अक्षर भिंगातून दिसायला हवं. नेमकं ओळखण्यापुरतंच मोठं केलं तर दोन ओळींत डोकं धरतं, आणि दोष मात्र वयाला दिला जातो.

हातात धरायचं भिंग आधी कागदावर टेकवायचं, मग हळूहळू वर उचलायचं. अक्षर वाढत जातं आणि एका उंचीनंतर फिसकटतं. फिसकटण्याच्या जरा आधी हात थांबवायचा. त्यानंतर डोळा भिंगाजवळ आणायचा. डोळा लांब ठेवला तर एक शब्द दिसतो, जवळ आणला तर अर्धी ओळ. एवढी एक गोष्ट दाखवली तरी खणातली कितीतरी भिंगं बाहेर येतील. हात थरथरत असेल तर पायांवर उभं राहणारं, कागदावर नुसतं सरकवायचं भिंग घ्यावं. त्यात कागद नाभीय अंतरापेक्षा, म्हणजे वरच्या गणितातल्या सेंटीमीटरांपेक्षा, किंचित जवळ असतो, म्हणून ते वाचनाच्या चष्म्यातूनच बघावं लागतं. दुहेरी चष्म्याच्या वरच्या काचेतून बघितलं की सगळं धूसर, आणि मग 'भिंग खराब निघालं' म्हणून तक्रार.

उजेडाबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण आपल्या भागात निम्मी अडचण तिथंच आहे. जून लागला की बेळगावात आणि त्याहून जास्त खानापूरकडं भर दुपारी घरात दिवा लावावा लागतो. कौलारू घरात सोप्यावर एखादं काचेचं कौल असतं, त्यावर शेवाळ धरलं की तोही उजेड गेला. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर पोचणारा प्रकाश विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. बाहुली आकसते आणि भिंग पिवळट होतं म्हणून. त्यात ढगाळ दुपार. घरचे छताला आणखी एक ट्यूब लावतात. त्यानं खोली उजळते, पान उजळत नाही. दिवा जवळ आणणं हा खरा उपाय: ६० सेंटीमीटरवरचा दिवा ३० वर आणला की पानावरचा उजेड चौपट होतो, आणि वीज तेवढीच जळते. सात ते नऊ वॉटचा एलईडी दिवा पुरतो. जुन्या साठच्या बल्बखाली डोकं तापायचं. दिवा ज्या डोळ्याला जास्त दिसतं त्या बाजूला, खांद्याच्या किंचित मागून येईल असा, आणि झाकणाची खालची कडा डोळ्याच्या पातळीखाली, म्हणजे बल्ब थेट दिसत नाही. समोर ठेवलेला दिवा पानावर कमी आणि डोळ्यात जास्त पडतो. पिवळसर उजेड बरा की पांढरा, हे पुस्तकी सांगता येत नाही. दोन्ही बल्ब लावून ज्याचं त्यानं ठरवावं. दिवाळी अंकांचा गुळगुळीत कागद चकाकतो, तो जरा कलता धरावा लागतो. आणि पावसाळ्यात वीज जाणार हे गृहीत धरून दिवा चार्जिंगचाच घ्यावा.

पुस्तक डोळ्याजवळ आणायचं म्हटलं की माणूस वाकतो, आणि डोळ्यांआधी पाठ संपावर जाते. पारायणाला पोथी ठेवायचं लाकडी घडीचं व्यासपीठ पुष्कळ घरांत माळ्यावर पडलेलं असतं. ते टेबलावर ठेवून, खाली दोन पाट घालून उंच केलं आणि कोपरं टेकायला उशी दिली, की पुस्तक डोळ्यांपर्यंत येतं. मोठ्या अक्षरांचं कौतुक आपल्याला नवं नाहीच. सुट्या आडव्या पानांच्या पोथ्या ठसठशीत टाइपात छापल्या जायच्या, कारण मंद उजेडात, म्हाताऱ्या डोळ्यांनी वाचल्या जाणार हे छापणाऱ्याला ठाऊक होतं. वर्तमानपत्राचा बारीक टाइप आणि करडा कागद बघितला की ते शहाणपण कुठं गेलं असा प्रश्न पडतो. फोनवर किंवा टॅबवर वाचणाऱ्यानं निदान १८ पॉइंटचं अक्षर ठेवावं, आणि पांढऱ्या पडद्याचा त्रास होत असेल तर काळ्यावर पांढरं करून बघावं.

नजर अधू झाली की देवनागरीत आधी काय हरवतं, हे जवळून बघण्यासारखं आहे. पहिला जातो अनुस्वार. 'घर' आणि 'घरं', 'तो आला' आणि 'तों आला' असली जोडी टिंबावरच उभी. मग रफार, मग पायातला उकार: ऱ्हस्व की दीर्घ ते कळेनासं होतं. त्यानंतर अक्षरंच एकमेकांत मिसळतात: ध आणि घ, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, प आणि ष. मुरलेला वाचक अंदाजानं भरून काढतो, म्हणून कथा वाचता येते आणि औषधाचं नाव वाचता येत नाही. नुसता आकार वाढवून हे सुटत नाही. शाई काळी आणि कागद पांढरा यांतला फरक वाढवावा लागतो, आणि त्यासाठी सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे खिडकी कापलेलं काळं कार्ड.

वीस बाय दहा सेंटीमीटरचं, बिनचकाकीचं काळं कार्ड घ्यायचं. त्यात मधोमध पंधरा सेंटीमीटर लांब, सव्वा सेंटीमीटर उंच फट ब्लेडनं कापायची. पानावर ठेवलं की आजूबाजूचा पांढरा लखलखाट झाकला जातो, ओळ सुटत नाही, अक्षर गडद वाटतं. फट एका ओळीपुरती कापायची चूक पुष्कळ जण करतात. इंग्रजीला ते चालेल. मराठीत वर वेलांटी आणि खाली उकार कापला जातो, आणि कन्नडचं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं खालचं अक्षर, तर ओळीखालीच लटकलेलं असतं. म्हणून दोन ओळी दिसतील एवढी फट ठेवायची आणि कार्ड एकेक ओळ खाली सरकवायचं. चकाकणारा कागद वापरला तर दिव्याचं प्रतिबिंब त्यावरच पडतं.

सीमाभागातल्या घराची आणखी एक गोष्ट: दिवसभरात तीन लिप्या दारात येतात. वर्तमानपत्र मराठी, बिल आणि नोटीस कन्नड, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजी. फोनला वाचायला लावायचं तर तिन्ही भाषांचे आवाज आधी उतरवून घ्यावे लागतात. नुसता मराठी आवाज असेल तर कन्नड मजकूर एक तर गाळला जातो, नाहीतर भलतंच ऐकू येतं, आणि माणसाला वाटतं कागद कोराच आहे. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, त्यात अॅक्सेसिबिलिटी, त्यात टेक्स्ट-टू-स्पीच, अशी साधारण वाट आहे. नावं फोनागणिक जरा बदलतात. हे घरात वायफाय असताना करावं.

टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारी अँड्रॉइडमधली सोय, सुरू केली की फोनची चालच बदलते, आणि हे आधी सांगितलं नाही तर घरात गोंधळ उडतो. एकदा बोट टेकवलं की तिथं काय आहे ते फोन बोलतो. उघडायला दोनदा टेकवायचं. पान सरकवायला दोन बोटं. नातू येऊन नेहमीसारखं बोट फिरवतो, काहीच होत नाही, आणि 'फोन बिघडला' म्हणून फोन दुकानात जातो. बहुतेक फोनमध्ये आवाज वाढवायचं आणि कमी करायचं अशी दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबली की टॉकबॅक बंद-चालू होतं. ही एक खूण घरातल्या प्रत्येकाला शिकवून मगच मित्रानं उठावं. थोडंफार दिसत असेल तर टॉकबॅक नकोच. निवडलेला मजकूर तेवढा वाचून दाखवणारी सोय पुरते. बोलण्याचा वेग सुरुवातीला कमी ठेवावा. यंत्राचा आवाज पहिल्यांदा कुणालाच आवडत नाही. पण तो दमत नाही, आणि 'परत वाच' म्हटलं की कपाळाला आठी घालत नाही.

मराठी पीडीएफची कटकट वेगळी. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात जुळवलेलं पुस्तक पडद्यावर सुरेख दिसतं आणि फोन ते वाचायला गेला की रोमन अक्षरांची नि चिन्हांची खिचडी ऐकवतो. कन्नडमध्ये नुडीच्या जुन्या फाँटातल्या फाइलींचं तेच. ओळखायची युक्ती: दोन शब्द कॉपी करून मेसेजच्या खिडकीत चिकटवायचे. मराठी उमटलं तर युनिकोड, म्हणजे फोनला वाचता येणारी अक्षरं; कचरा उमटला तर जुना फाँट. तसं असेल तर पानाचं चित्र घेऊन गूगल लेन्ससारख्या अॅपकडून अक्षरं ओळखवून घ्यायची. छापील पुस्तकालाही हाच मार्ग. फोटो घेताना फ्लॅश नको, खिडकीचा उजेड बाजूनं यावा, फोन पानाला समांतर असावा, समोरासमोरची दोन पानं वेगवेगळी घ्यावीत. शिवणीकडं पान वळतं तिथली अक्षरं नेहमी चुकतात. जुन्या खिळ्यांच्या छपाईतली जोडाक्षरं आणि पिवळा कागद असेल तर फार अपेक्षा ठेवू नये. गंमत म्हणजे यंत्रही ध-घ आणि भ-म यांतच अडखळतं.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. इथल्या जुन्या वाचकाला हवी असलेली पुस्तकं पुष्कळदा अशाच कपाटांत असतात, बाजारात नसतात, आणि त्यांचं बोलतं पुस्तक कुणी केलेलं नसतं. तिथं मित्राचा आवाज लागतो. दोनशे पानं, पानाला अडीचशे शब्द धरले तर पन्नास हजार शब्द. मिनिटाला एकशे दहा शब्दांच्या संथ वाचनानं साडेसात तासांचं ध्वनिमुद्रण होतं. अडखळणं, खोकला, रस्त्यावरचा भोंगा धरून त्याच्या दुप्पट वेळ बसावं लागतं. हे आधी कळलेलं बरं, नाहीतर तिसऱ्या प्रकरणाशी उत्साह संपतो.

कपड्यांचं कपाट उघडं असलेली किंवा गाद्या रचलेली खोली घ्यावी, घुमत नाही. पंखा बंद, फोन विमान मोडवर. फोन तोंडापासून वीसेक सेंटीमीटरवर आणि जरा बाजूला. समोर धरला तर प, फ, भ म्हणताना फुंकर आदळते. चूक झाली की थांबून एक टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून वाचायचं. नंतर कापताना टाळीची उंच रेघ लगेच सापडते. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ असे दोन आकडी अंक. नुसते १, २ दिले तर पुष्कळ फोन एकानंतर थेट दहावं प्रकरण लावतात. एका वाहिनीचा (मोनो), ६४ केबीपीएसचा आवाज पुरतो. तासाला साधारण २९ एमबी.

वाचताना गाळायचं काही नाही. अर्पणपत्रिका, प्रकाशनाचं साल, प्रस्तावना, मलपृष्ठ, सगळं. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तर तो पुढं ढकलेल. पण त्याच्यासाठी कंटाळा आपण आधीच येऊ द्यायचा नाही. तळटीप आली की 'टीप' म्हणायचं, वाचायची, 'टीप संपली' म्हणायचं. दर प्रकरणाच्या सुरुवातीला पान क्रमांक सांगायचा, म्हणजे कुणाशी त्या पुस्तकावर बोलताना 'अमुक पानावर' म्हणता येतं. अभिनय बेतानं. आणि 'बस की', 'ये की' करणारा आपला बेळगावी हेल लपवू नये. पुण्या-मुंबईच्या घोटीव आवाजातलं पुष्कळ मिळतं, हे मिळत नाही.

असं मुद्रण करणं कायद्याला धरून आहे का, अशी शंका काहींना येते. २०१२ सालच्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलं. अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून तिच्या खाजगी वापरासाठी कुणीही सुलभ प्रत करून देऊ शकतो. तीच फाइल सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सोडणं ही मात्र वेगळी गोष्ट. छापील वाचता न येणाऱ्यांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करू देणाऱ्या २०१३ च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला सगळ्यांत आधी, २०१४ मध्ये, मान्यता दिली ती भारतानं. २०१६ साली सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही छापील वाचता न येणाऱ्यांसाठीच आहे; सभासदत्वासाठी अपंगत्वाचा दाखला हाताशी असावा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात चांगल्या डोळ्याची, चष्मा लावून, ६/१८ पेक्षा कमी (६/१८ म्हणजे इतरांना १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) ते ३/६० पर्यंतची नजर अल्पदृष्टी धरली आहे. ब्रेलचं विचाराल तर, उतारवयात मधुमेहानं बोटं बधिर झालेल्या माणसाला आधी ते सुचवू नये.

राहिले आभार. पुस्तक रेकॉर्ड करून देणाऱ्याला हार नको असतो. त्याला कळवायचं: चौथ्या फाइलीत एक पान दोनदा आलंय, सातवीत मागं मिक्सर ऐकू येतो, प्रस्तावना तुला पटली नाही हे आवाजावरून कळलं, आणि मला ती पटली, कारण ऐक. दिव्यासाठी धावपळ करणाऱ्याला सांगायचं की पांढरा बल्ब काढून पिवळा लावलाय. कार्ड कापून देणाऱ्याकडून कन्नडसाठी जरा उंच फटीचं दुसरं मागून घ्यायचं. आणि पुढचं पुस्तक कोणतं, ते आपण ठरवून त्याच्या हातात द्यायचं, त्याला न आवडणारं असलं तरी.